पायी चालण्याचा हिशेब

आरोग्यावर बोलण्याचा अधिकार खरे पाहता डॉक्टरांचा. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकविणारा मास्तर. तेव्हा ‘तुम्हांला यातले काय कळते?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला तर तो रास्तच आहे. माझे उत्तर एवढेच, की जमाखर्च मांडणे हा माझा धंदा आहे आणि चालणे हा विषय बराचसा जमाखर्चाचाच आहे. शिवाय या खात्यात मी स्वतः थकबाकीदार निघालो. ते कसे, हे आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आरोग्यतपासणीचे शिबिर झाले. उपाशीपोटी रक्तातली साखर माझी ११८ निघाली. शंभराच्या आत असली की ठीक, १२६ वा त्याहून अधिक आणि फेरतपासणीतही तशीच आली की मधुमेह, असा सर्वसाधारण दंडक आहे. डॉक्टर म्हणाले, “सर, पाहुणा अजून घरात शिरला नाही. पण उंबऱ्यावर येऊन बसलाय.” माझे वय त्या वेळी ४४. मग त्यांनी विचारले, “दिवसाकाठी चालणं किती होतं?” मी म्हणालो, “होतं की भरपूर. सारखा उभाच असतो.” डॉक्टर हसले. उभे राहणे आणि चालणे यांत फरक आहे, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितले नव्हते.

हिशेबाचा माणूस असल्याने दुसऱ्या दिवशी मी पावले मोजली. मोबाइल खिशात ठेवला की तो मोजतोच. घरातून मोटारसायकलीपर्यंत अकरा पावले. मोटारसायकलीपासून कॉलेजच्या खोलीपर्यंत साठ. वर्गात फळ्यापासून खिडकीपर्यंतच्या येरझाऱ्या. संध्याकाळी चौकात चहा, तोही गाडीवर बसूनच. रात्री निजताना आकडा पाहिला, १,९४०. म्हणजे सबंध दिवसात जेमतेम दीड किलोमीटर! माझे वडील या वयात विहिरीवरून मळ्यात, मळ्यातून घरी आणि रात्री पुन्हा दारे धरायला जात. त्यांच्या एका सकाळीत माझे दोन-तीन दिवस बसले असते.

तुम्हीही एक दिवस असे मोजून पाहा. कुणाला सांगू नका, मनाशीच ठेवा.

आता हा आळस आहे, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. पूर्वी चालणे प्रत्येक कामाला चिकटून येत असे. पाणी आणायचे तर आडावर जा. दळण टाकायचे तर डोक्यावर पाटी घेऊन गिरणी गाठा. आठवड्याचा बाजार दोन कोसांवर. शाळा ओढ्यापलीकडे. आज नळ दारात आला, दळण मोटारसायकलच्या टाकीवर बसून जाते आणि विहिरीवरची मोटार घरबसल्या मोबाइलवरून चालू होते. ही सोय व्हावी म्हणूनच तर आपल्या आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून हंडे वाहिले. ते हंडे परत आणा, असे सांगणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याच डोक्यावर एक ठेवीन. परंतु झाले असे, की कामाबरोबर चालणेही निघून गेले आणि जाताना त्याने सांगितले नाही. भाकरी तेवढीच राहिली, चहातली साखर उलट वाढली. जमा चालू, खर्च बंद. शिल्लक कुठे साठते ते कमरेभोवती पाहावे.

हे फक्त आपल्याच गावात झाले असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणे २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढ माणसांच्या शरीराला पुरेशी हालचाल घडत नव्हती. पुरुषांत शंभरातील ४२, बायकांत ५७. बायकांचा आकडा मोठा का, याकडे मी पुढे येणार आहे.

एक गोष्ट मात्र आताच स्पष्ट करतो. दिवसभर वाकून भांगलण करणाऱ्या बाईसाठी किंवा उसाची मोळी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या माणसासाठी हे व्याख्यान नाही. त्यांना विश्रांती हवी आहे, मजुरी हवी आहे. त्यांना ‘रोज चालत जा’ म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. मी बोलतो आहे ते दुकानदाराशी, ग्रामसेवकाशी, तालुक्याहून गाडीवर येणाऱ्या शिक्षकाशी, ज्याची शेती आता गडी आणि ट्रॅक्टर करतात त्या बागायतदाराशी, आणि अर्थात माझ्याशी.

चालण्याने खरोखर काही फरक पडतो काय? याचा पहिला मोठा पुरावा लंडनच्या बसमधून आला, हे वाचून मला मौज वाटली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर तिथल्या दुमजली बसवरील कामगारांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो प्रसिद्ध केला. एकाच बसवर दोन माणसे. पगार, वस्ती, खाणेपिणे साधारण सारखे. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटे फाडीत सारखा वरच्या मजल्यावर चढणारा-उतरणारा, दिवसाला शेकडो पायऱ्या. तर हृदयविकाराचा झटका कंडक्टरांना कमी येई आणि आला तरी तो ताबडतोब जिवावर बेतण्याचे प्रमाण कमी. पुढे टपाल खात्यातही तेच दिसले. घरोघर टपाल पोचविणारा पोस्टमन, टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुरक्षित.

यावर शंकेखोर माणूस म्हणेल, कशावरून हे ड्रायव्हर मुळातच जाडे नसतील? मॉरिससाहेबांनाही ती शंका आली. त्यांनी काय करावे? कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापे काढली! आणि खरोखरच ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, अगदी तरुणांचीसुद्धा. हेही त्यांनी १९५६ साली छापून टाकले. आपल्याच सिद्धांताला बाधक ठरणारी गोष्ट स्वतः शोधून जगापुढे ठेवणारा असा माणूस मला मोठा वाटतो. पुढच्या काळात इतर अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांवर अभ्यास झाले आणि मूळ गोष्ट टिकली. मॉरिस स्वतः वयाच्या ९९ व्या वर्षी, २००९ साली वारले.

लंडन दूर आहे. चेन्नई जवळ आहे. तिथले डॉ. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी ५३१ माणसे निवडली. साखर वाढू लागलेली, पण मधुमेह अजून न झालेली, म्हणजे माझ्यासारखी उंबऱ्यावरची. त्यांचे गट पाडले. एका गटाला नेहमीचाच सल्ला दिला. दुसऱ्या गटातील बैठ्या लोकांना रोज किमान अर्धा तास झपाझप चालावयास सांगितले आणि खाण्यातले साखर, तेल, भात आटोक्यात ठेवण्याविषयी वरचेवर समजावले. ज्यांचे काम मुळातच अंगमेहनतीचे होते, त्यांना तेच चालू ठेवा म्हणून सांगितले. सुमारे तीन वर्षांनी हिशेब झाला. पहिल्या गटात शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात ३९ जणांना. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. यात आहाराचाही वाटा आहे, सगळे श्रेय पावलांना देणे बरोबर नव्हे. आणि ३९ म्हणजे शून्य नव्हे, हेही खरे. पण शंभरांत सोळा माणसे वाचली. तुमच्या गावातले सोळा चेहरे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे आकडा केवढा आहे ते कळेल.

आता असे का होते? आपण जेवतो, अन्नाची साखर होते आणि ती रक्तात उतरते. पाटाला पाणी आल्यासारखेच हे. ते पाणी शेतात वळावे म्हणून बांधाचे दार उघडावे लागते. शरीरात हे दार उघडण्याचे काम इन्सुलिन नावाचा रस करतो. पोट सुटले, शरीर बैठे झाले, की दारे गंजतात. इन्सुलिन ढकलते पण दार पुरते उघडत नाही आणि पाट तुडुंब वाहत राहतो. पण स्नायूंना आणखी एक दार असते आणि ते इन्सुलिनवाचूनही उघडते. स्नायू कामाला लागला की ते आपोआप उघडते आणि साखर आत ओढली जाते. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू कुठले? मांड्यांचे, पोटऱ्यांचे, ढुंगणाचे. म्हणजे नेमके ज्यांच्यावर आपण दिवसभर बसून असतो तेच! म्हणून जेवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे चाललात तरी त्या जेवणाने चढणारी साखर कमी चढते. आपल्या आजोबांची शतपावली हीच. मात्र शंभर पावलांत जेमतेम एक-दीड मिनिट जाते, तेव्हा शब्द तोच ठेवून आकडा दहापट करावा, हे बरे.

पोटरीचे दुसरेही एक काम आहे. पायांत उतरलेले रक्त वर हृदयाकडे चढावयाचे तर त्याला कुणीतरी ढकलले पाहिजे. दर पावलागणिक पोटरी आवळते, शिरेतले रक्त वर सरकते आणि शिरांतल्या पडद्या ते खाली येऊ देत नाहीत. दुकानात वा वर्गात तासन्‌तास एका जागी उभे राहणाऱ्यांच्या पायांना संध्याकाळी सूज येते ती यामुळे. डॉक्टरांनी मला विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला इथे कळला.

किती चालावे? दहा हजार पावलांचा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो कुठल्या वैद्याने दिलेला नाही. १९६५ साली जपानात कमरेला लावण्याचे पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले. त्याचे नाव मानपो-केई, म्हणजे ‘दहा हजार पावले मोजणारे’. नाव तोंडात बसले आणि आकडा जगभर झाला. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत त्या काळातील मृत्यूंचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसले. साडेसात हजारांपुढे मात्र फायदा फारसा वाढला नाही. आता जी आजारी असते ती कमीच चालते, तेव्हा सगळा फरक चालण्यानेच पडला असे मानू नये. तरी त्यातून एक गोष्ट माझ्यासारख्याला धीर देते. सर्वांत मोठा नफा पहिल्या काही पावलांत आहे. कोरडवाहू जमिनीला पहिले पाणी मिळाल्यावर जेवढे पीक वाढते तेवढे पाचव्या पाण्याने वाढत नाही. हा अर्थशास्त्रातला घटत्या उत्पन्नाचा नियम मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो, स्वतःच्या पायांना लावला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास एवढे झाले तरी किमान गाठली. हा अर्धा तास सलगच हवा असेही नाही, तुकडे चालतात. वेग किती? शेजाऱ्याशी बोलता यावे, पण अभंग सुरात म्हणता येऊ नये, इतका. वारकरी तर म्हणत म्हणत चालतात, असे कुणी म्हणेल. खरे आहे. त्यांची चाल संथ असते, पण ते दिवसभर चालतात. ते हिशेब वेगळे.

हे सारे कळले आणि मी चालावयास निघालो. आणि मग खरी अडचण समोर आली. ती पायांत नव्हती, रस्त्यावर होती.

पहिल्याच दिवशी वेशीपाशी एक ओळखीचा शेतकरी मोटारसायकल थांबवून म्हणाला, “काय सर, गाडी पंक्चर झाली काय? बसा मागं, सोडतो.” मी म्हणालो, “नको, सहज चाललोय.” त्याला ते पटले नाही. “सहज कसं? बसा हो.” बसलो. पुढे दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थी. आपल्याकडे पायी जाणारा माणूस म्हणजे अडचणीतला माणूस. त्याला गाडीवर घेणे हे सौजन्य, आणि नाही म्हणणे हा अपमान. शिवाय मनात खोल कुठेतरी असते, की पायी जातो तो गरीब. दोन पिढ्या घाम गाळून आपण गाडीवर बसलो आणि आता पुन्हा पायउतार? ही लाज कुणी बोलून दाखवीत नाही, पण ती आहे. मी चौथ्या दिवशी सरळ सांगून टाकले, “डॉक्टरनं सांगितलंय.” तेव्हापासून कुणी थांबवीत नाही. डॉक्टरच्या नावाला आपल्याकडे अजून मान आहे, त्याचा असा उपयोग करावा.

पुरुषाचे हे झाले. आमच्या घरातून चालावयास निघाल्या त्यांची गोष्ट निराळी. बाई कामाशिवाय गावाबाहेर चाललेली दिसली की वाटेत चार प्रश्न. “कुठं निघालीस? कुणाकडं? एकटीच?” विचारणाऱ्यांत सासवा-जावाच अधिक. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, “मी आपली अंगणातच फिरते.” मग तोड त्यांनीच काढली. रतिबाचे दूध घरपोच येई, ते बंद केले आणि किटली हातात घेऊन ओढ्यापलीकडच्या गोठ्यावरून स्वतः दूध आणू लागल्या. जाऊनयेऊन अर्धा तास. किटली दिसली की कुणी काही विचारीत नाही! पंधरा दिवसांत शेजारच्या दोघींचेही रतीब बंद झाले. आता तिघी मिळून जातात आणि गप्पांच्या नादात पुलापर्यंत जाऊन परततात. किटली अजून हातात असतेच. मला वाटते, बायकांचा तो ५७ चा आकडा खाली यावयाचा असेल तर उपदेशापेक्षा अशा किटल्या अधिक लागतील. आणि विचारणाऱ्यांनी विचारण्याऐवजी बरोबर निघावे, हे त्याहून चांगले.

सोबतीचे महत्त्व आपल्याला कुणी शिकवावयास नको. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एरवी किराणा आणावयास गाडी काढणारी माणसे आषाढात ते अंतर पायी काटतात. पुढे-मागे दिंडी असते, मुक्काम ठरलेला असतो, पाय दुखले तर चोळणारा असतो. परत आल्यावर मात्र गाडी पुन्हा दारातून निघते. दांडीला निघालेले साठ वर्षांचे गांधीजी, १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे देशभर पायी फिरलेले विनोबा, ही नावे इथे घ्यावीशी वाटतात, पण थोरांची उदाहरणे ऐकून आपण नमस्कार करतो आणि जागचे हलत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा तीन माणसांची दिंडी करा. तिघांत एक जण तरी रोज हाक मारतोच.

काही सावधगिरीच्या गोष्टी. अगदीच सवय नसेल तर पहिला आठवडा पाच-दहा मिनिटांवर थांबा. चालताना छातीत दाटले, डावा हात किंवा जबडा भरून आला, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर तिथेच थांबा आणि वेळ न दवडता दवाखाना गाठा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा मोडलेला कळत नाही. रात्री तळवे उजेडात पाहावे, आपले दिसत नसतील तर नातवाकडून पाहून घ्यावे. गोळ्या वा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून निघावे. गुडघे दुखतात म्हणून बसून राहणारे पुष्कळ. त्यांनी डांबरी सोडून मातीची सपाट वाट धरावी आणि थोडे थोडे वाढवावे, मांडीचा स्नायू बळावला की गुडघ्याचा भार हलका होतो. चैत्र-वैशाखात ऊन तापण्याच्या आत घरी या. पावसाळ्यात आणि अंधारात हातात बॅटरी व काठी असावीच, पायाखाली जनावर असते. साखर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता भरून येतात. तेव्हा उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे आणि कानांत गाणी घालू नयेत.

शिक्षकबंधूंना एक सुचवितो. जे तालुक्याहून गाडीवर येतात त्यांनी गाडी शाळेच्या व्हरांड्यापर्यंत न आणता वेशीवरच्या झाडाखाली लावावी. ज्यांची एस.टी. आहे त्यांनी आधीच्या फाट्यावर उतरून पाहावे. सकाळी पंधरा मिनिटे, सायंकाळी पंधरा, झाला की अर्धा तास! आणि वाटेत मुले सामील होतात. परिसर अभ्यासाचा अर्धा धडा शाळेत पोचण्याआधीच होतो. कुणाच्या शेतात काय उभे आहे, ओढ्याला पाणी कधी आटले, गैरहजर मुलाच्या घरी काय चालले आहे. मला हे एका प्राथमिक शिक्षकाने सांगितले. गाडीवरून जाताना गाव आपल्याला दिसत नाही, असे त्याचे म्हणणे.

माझ्या रक्तातली साखर? दीड वर्षाने १०४ आली. एका माणसाच्या रक्तावरून सिद्धांत काढू नये, एवढे मला कळते, आणि चहातली साखरही मी त्या काळात सोडली होती. उंबऱ्यावरचा पाहुणा उठला नाही, थोडा मागे सरकला आहे.

आमची चालण्याची वाट म्हणजे गावाच्या पूर्वेची जुनी पाणंद. दोन्ही बाजूंना निवडुंग आणि बाभळी, सकाळी मोर असतात. ती पूर्वी थेट नदीपर्यंत जात असे. आता शेवटचा तुकडा दोन्हीकडच्या बांधांनी गिळला आहे, नांगर फिरून तिथे ऊस उभा आहे. अशी वहिवाटीची वाट कुणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. आम्ही तिघांनी अर्ज लिहून ठेवला आहे. पण ज्याच्या उसात वाट गेली, तो गृहस्थ गेल्या महिन्यापासून आमच्याबरोबरच चालावयास येतो. त्यालाही डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यामुळे अर्ज तूर्त माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि आम्ही चौघे रोज उसापाशी जाऊन परत फिरतो.